डॉक्टर कांताबाई आणि तेवीस सह्या

हे लिहिणारी मथुरा केवलराम हटवार हिची आणि डॉक्टर कांताबाई रामटेके यांची ओळख भांडणातून झाली. या लिखाणात मथुरेने स्वतःलाही मथुरा असेच म्हटले आहे, कारण आपली चूक दुसऱ्या बाईची समजून लिहिली तरच ती पूर्ण लिहिली जाते, असा तिचा अनुभव आहे.

मथुरेचा मुलगा प्रवीण भिलाईतल्या एका लहान रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली काम करीत असे. एके दिवशी तापलेली सळई चिमट्यातून निसटली आणि त्याच्या उजव्या दंडाला लागली. ठेकेदाराचा सुपरवायझर बळीराम त्याला मोटारसायकलवर बसवून घरी घेऊन आला आणि दारातच त्याने मथुरेला पढवून ठेवले, की डॉक्टरने विचारले तर चुलीवर भाजला असे सांगायचे. मथुरा पोराला घेऊन हुडको वसाहतीच्या मागच्या वस्तीत असलेल्या कांताबाईंच्या दवाखान्यात गेली आणि पढवलेले तिने जसेच्या तसे सांगितले. कांताबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जखम जवळून पाहिली.

"चुलीनं असं भाजत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "चूल फोड आणते, सरळ रेघ वढत नाई. हे सळईचं हाये. मी मिलमध्ये भाजला असंच लिहिते."

"नका लिहू जी! पोट्ट्याचं काम जाईन."

"अन् उद्या हात गेला तर?"

"हात माह्या पोट्ट्याचा हाये, तुमचा नाई!"

कांताबाईंनी लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरात जे लिहायचे ते लिहिले, त्याखाली मथुरेचा अंगठा घेतला आणि पट्टी बांधायला सुरुवात केली. मथुरेने मनातल्या मनात तिला येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. प्रवीणचे काम त्या वेळी गेले नाही. ठेकेदाराला मात्र नोटीस आली आणि दोन महिन्यांनी मिलमध्ये सर्वांना चामड्याचे हातमोजे मिळाले.

पट्टी बदलण्यासाठी बावीस दिवस जावे लागले. दवाखान्याच्या व्हरांड्यात दुपारी तीन वाजता बायकांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग भरत असे. प्रवीण आत असताना मथुरा बाहेर बसून ऐकत राही. सतराव्या दिवशी कांताबाईंनी तिच्या हातात गोळ्यांची रिकामी पट्टी दिली आणि विचारले, "यातलं कोणतं अक्षर तुम्ही कुठं तरी पाह्यलं हाये?" मथुरेने एक अक्षर दाखवले. ते राशन दुकानाच्या पाटीवर होते. त्या दिवसापासून ती वर्गात बसू लागली. तेव्हा तिचे वय अठ्ठावन्न होते.

कांताबाईंविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. त्यांचे वडील लहानू रामटेके भंडाऱ्याकडून आले आणि दुर्गला रेल्वेत गँगमन झाले. घरात पुस्तके नव्हती. मुदत संपलेले गाड्यांच्या वेळांचे जाड पुस्तक वडील स्टेशनातून मागून आणीत आणि त्याच्या कोऱ्या कडांवर मुलगी अक्षरे गिरवीत असे. त्या रेल्वे चाळीतून डॉक्टर झालेली ती पहिली मुलगी. नागपुरात शिकून त्या परत आल्या तेव्हा लोकांना वाटले, आता मोठ्या रस्त्यावर पाटी लागेल. पाटी लागली ती नाल्याकाठच्या दोन खोल्यांवर. त्यांनी लग्न केले नाही. कोणी कारण विचारले तर म्हणत, "स्थळ पाहाले वेळ कुठं हाये? तुमचा खोकला तर पाहू द्या आधी."

त्या दुर्गच्या पद्मनाभपूर भागात राहत आणि रोज स्कूटरवर येत. स्कूटर त्या फार वाईट चालवीत. वर्गाला उशिरा येणाऱ्या बाईला त्या सगळ्यांसमोर रागवीत, मग ती सून असो की सासू. आपल्याला जे खरे दिसले ते दुसऱ्याला विचारून करण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांचे लाल रजिस्टर चार वेळा कामगारांच्या खटल्यात साक्षीला गेले होते. कोणाला कुठे आणि कशाने लागले, हे त्यात तारखेसह लिहिलेले असे. त्यामुळे ठेकेदार मंडळींना त्या डोळ्यांत खुपत. एकदा त्यांच्या स्कूटरची सीट कोणी तरी ब्लेडने फाडली. त्यांनी त्यावर पोते बांधले आणि वर्ग वेळेवर सुरू केला.

वर्गात एक रिवाज होता. जी बाई सही करायला शिके, तिची सही त्याच दिवशी लाल रजिस्टरात तिच्या जुन्या अंगठ्याशेजारी घेतली जाई आणि मग सगळ्या मिळून मुर्रा म्हणजे कुरमुरे आणि फुटाणे खात. सही आलेली बाई पुढे महिनाभर सही करण्यासाठी निमित्त शोधीत असे. शेजारणीचे पार्सल आले तर धावत जाऊन सही करून घेई. अंगणवाडीत, राशन दुकानात, जिथे रिकामी रेघ दिसे तिथे तिचा हात शिवशिवत असे. वस्तीतली पुरुष मंडळी थट्टा करीत, "अरे, भिंतीवर कोळशानं रेघ वढू नका, बाया सही करून टाकतीन!"

छत्तीसगढ राज्य होऊन सोळा आणि मथुरेला वर्गात बसू लागून नऊ वर्षे झाली होती, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वस्तीत पाण्याचे फार हाल होते. एका सकाळी ठेकेदाराचा बळीराम हातात पॅड घेऊन आला.

"मावशी, नळाचा अर्ज हाये. अंगठेवाल्या बाया नको, साहेब म्हणते. सहीवाल्या पाह्यजे. हायेत का इथं कोणी?"

"कोणी म्हणजे काय रे? रांग लावतो का?" शेजारची कौशल्या म्हणाली. कौशल्येच्या जिभेला हाड नव्हते.

बळीरामने कागद लपवला नाही, ही गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. कागद हिंदीत टाईप केलेला होता, अक्षरे ठळक होती आणि ऊन चांगले पडले होते. मथुरेला तो वाचता आला असता. तिने फक्त खालची रेघ पाहिली. वयाने मोठी म्हणून पहिला मान तिला मिळाला. तिने पदराने हात पुसला आणि पूर्ण नाव लिहिले. तिच्यानंतर बावीस बायकांनी सह्या केल्या. कौशल्येने तर पेन परत देताना सांगितले, "नाव बराबर दिसून राह्यलं ना? नाई तर दुसऱ्यांदा करते."

नऊ दिवसांनी दवाखान्याला सरकारी कुलूप लागले.

दुपारी बायका वर्गाला आल्या तेव्हा कांताबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर त्या कागदाची नक्कल होती. डॉक्टर कांता रामटेके मुदत संपलेली औषधे देतात, आणि कामगारांच्या घरच्या बायकांना धमकावून खोट्या जखमा लिहितात, अशी ती तक्रार होती. गुरुवारी अकरा वाजता दुर्गच्या कचेरीत चौकशी होती. तक्रार खरी ठरली तर दवाखाना कायमचा बंद आणि कांताबाईंची डॉक्टरकीही धोक्यात, असे त्यांच्या वकिलाने सांगितले होते.

"ह्या सह्या मी शिकवल्या हायेत," कांताबाई म्हणाल्या. "एकेक वळखू येते. मले कोणाले काही विचारायचं नाई. गुरुवारी या आणि जे झालं ते सांगा."

त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या स्कूटरवर बसून निघून गेल्या. बायका पायरीजवळ उभ्या राहिल्या आणि कोणीही दुसरीच्या तोंडाकडे पाहिले नाही.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला बळीराम मथुरेच्या दारात आला. तो खाटेवर बसला, त्याने पाणी मागितले आणि अर्धाच पेला प्याला.

"मावशी, तुले खोटं बोलाले कोण सांगून राह्यलं? साहेब विचारन, सही तुही हाये का. तू म्हण, हाये. बस. खरंच तर हाये."

"अन् औषधाचं?"

"त्याचं तुले कोणी विचारत नाई. अन् विचारलं तर म्हण, म्हातारी हाये, आठवत नाई." तो उठला आणि चपला घालता घालता म्हणाला, "प्रवीणचा गेटपास या महिन्याच्या शेवटाले नवा करा लागते ना? माह्याच सहीनं होते तो."

प्रवीण आतून ऐकत होता. त्याची बायको वंदना तव्यावर भाकरी तशीच ठेवून उभी राहिली होती. भाकरी करपली.

बुधवारी मथुरेचे कामात लक्ष लागले नाही. ती नेहरू नगरला कोचिंग क्लासच्या वसतिगृहात पोळ्या लाटत असे. त्या दिवशी तिने कणकेत दोनदा मीठ घातले. परत येताना कौशल्येने तिला वाटेत गाठले आणि मशेरीच्या डबीसारखी एक डबी पदराखालून काढली. ती राशन दुकानातून मागून आणलेली शाईची गादी होती.

"ऐक मथुराबाई, म्या तोड काढली. उद्या आपण सगळ्या अंगठ्याले शाई लावून जाऊ. साहेबानं विचारलं तर म्हणू, सही आमची नाईच. आमाले कुठं लिहिता येते? आमी अंगठाबहाद्दर बाया. मंग तो कागदच खोटा. डॉक्टरबाई सुटते, बळीराम फसते, अन् आपल्या पोरायच्या गेटपासले कोणी हात लावू शकत नाई."

"अन् वर्ग?"

"वर्गाचं काय? वर्गात आमी भजन म्हणत होतो म्हणू!"

युक्ती चांगली होती. तीत एकच खोटे होते आणि त्या खोट्याने सर्व वाचत होते. गुरुवारी सकाळी मथुरेने डावा अंगठा त्या गादीवर दाबला.

प्रवीण पहिल्या पाळीला निघाला होता. डबा सायकलला अडकवून तो थांबला.

"माय, तू काय म्हणशीन तिथं?"

"पाहीन."

"पाहीन म्हणजे? डॉक्टरबाई आज रात्री पद्मनाभपुरात पंख्याखाली निजन. माहं काम गेलं तर आपण कुठं जाऊ? गुंजनची फी कोण भरन?"

"तुह्या हाताले त्यायनंच तर नीट केलं."

"केलं. म्या नाई म्हणतो का? पण नोटीस आली तवापासून माह्यावर कोणाचा डोळा हाये, हे तुले मालूम हाये का? कठीण कठीण काम मलेच देते बळीराम. म्या कधी तुले सांगतलं?"

ते त्याने कधीच सांगितले नव्हते. तो सायकलवर बसून गेला आणि मथुरा दाराला धरून उभी राहिली.

कचेरीत एका लांब खोलीत बाके मांडली होती. तेविसांपैकी एकोणीस बायका आल्या. सर्वांचे डावे हात पदराखाली होते. बळीराम खिडकीपाशी ठेकेदाराकडच्या एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाजवळ उभा होता. कांताबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. लाल रजिस्टर मांडीवर होते आणि त्या कोणाकडेही पाहत नव्हत्या. कौशल्येने वाकून त्यांच्या कानात युक्ती सांगितली. मथुरेने कांताबाईंचा चेहरा पाहिला. त्यांनी डोळे मिटले आणि मग एवढेच म्हणाल्या, "तुमच्या पोरायचा प्रश्न हाये. मी तुमाले नाई म्हणत नाई."

तक्रारीवरचे पहिले नाव पुकारले गेले.

मथुरा टेबलासमोर जाऊन उभी राहिली. अधिकारी पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला आणि सहीवर बोट ठेवले.

"यह दस्तखत आपका है?"

पदराखाली अंगठ्याची शाई घामाने ओली होती. मथुरेने आपले नाव पाहिले. ते नाव लिहायला तिला आठ महिने लागले होते. पहिल्यांदा पूर्ण आले तेव्हा ती रस्त्याने घरी जाताना हसत होती आणि लोकांना वाटले, बाईचे डोके फिरले. 'नाही' हा एक शब्द म्हटला की झाले, असे तिने रात्रभर ठरवले होते. तो शब्द तिच्या तोंडाशी आला. आणि तिच्या लक्षात आले, की हे नाव मी लिहिले नाही असे म्हणणे तिला जमत नाही. मृत नवऱ्याला ओळखत नाही असे म्हणण्यासारखे ते होते.

"हां साहेब. मेरा है."

बाकावरून कौशल्येचा आवाज आला, "गेलं सगळं!" खिडकीपाशी बळीरामने खिशातला रुमाल काढून मान पुसली.

"ठीक है, बैठिए," अधिकारी म्हणाले आणि लिहू लागले.

मथुरा बसली नाही. "साहेब, मैंने पढ़ा नहीं था."

"पढ़ना नहीं आता?"

"आता है. तभी नहीं पढ़ा. अब पढ़ती हूँ."

कोणी तरी हसले. मथुरेने टेबलावरचा कागद दोन्ही हातांनी उचलला आणि वाचायला सुरुवात केली. ती बोट ठेवून वाचत होती. जोडाक्षरापाशी अडे, मागे जाई, पुन्हा येई. खोलीत पंख्याचा आवाज आणि तिचा आवाज एवढेच होते. इस्त्रीच्या शर्टातला माणूस पुढे येऊन म्हणाला, की एवढा वेळ नाही. अधिकाऱ्यांनी मान वर न करता त्याला हाताने थांबवले.

पहिले कलम मुदत संपलेल्या औषधांचे होते. ते वाचून मथुरा म्हणाली, "हे खोटं हाये. तारीख वाचाले त्यायनंच आमाले शिकवलं. नऊ वर्षांत तारीख गेलेली गोळी म्या पाह्यली नाई." तिची हिंदी संपली होती आणि ती घरच्या भाषेत बोलत होती. अधिकाऱ्यांना ते समजत असावे, कारण त्यांनी ते लिहून घेतले.

दुसरे कलम खोट्या जखमांचे. तेही तिने बोट ठेवून वाचले. येथे थांबले असते तरी पुष्कळ झाले असते, हे तिला समजत होते. बळीराम तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"हेही खोटं हाये, साहेब. खोटं लिहा असं म्या म्हटलं होतं. माहा पोट्टा प्रवीण मिलमध्ये सळईनं भाजला. बळीरामनं मले चूल सांगाले लावली. म्या डॉक्टरबाईले हात जोडले की चूलच लिहा. त्यायनं नाई लिहिली. ते लाल रजिस्टर पाहा, माहा अंगठा हाये तिथं."

अधिकाऱ्यांनी कागद परत घेतला तेव्हा सहीशेजारी निळा डाग उमटला होता.

"यह क्या है?"

मथुरेने डावा हात पदराबाहेर काढून दाखवला. "हा आजचा हाये, साहेब. खोटं बोलाले लावला होता."

अधिकाऱ्यांच्या तोंडावर हसू आले आणि त्यांनी ते खोकल्यात लपवले.

त्यानंतर कौशल्या उठली. "माही बी सही हाये. अन् म्या बी वाचली नाई. नळाच्या नावानं आमची अक्कल वाहून गेली, लिहा!" कौशल्येसह एकामागून एक बारा बायकांनी सही कबूल केली आणि न वाचल्याचेही कबूल केले. सहा जणींनी मात्र अंगठा दाखवला आणि सही आमची नाही असे सांगितले. त्या सहांच्या घरची माणसे त्याच ठेकेदाराकडे कामाला होती. त्यांना दोष देण्याचा अधिकार या लिहिणारीला नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रवीणला गेटवर अडवले. त्याचा पास तिथेच ठेवून घेतला. महिना संपायला अजून तेरा दिवस होते. तो घरी आला, सायकल भिंतीला लावली आणि आईशी बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. जेवण वाढले तर वंदनेच्या हातून घेई. मुलगी गुंजन दोघांच्या मध्ये बसून निरोप पोचवी, "आजी, पप्पा म्हणते, मीठ दे." तो कामाच्या शोधात सकाळी जाई आणि दुपारी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राही.

चौकशीनंतर अकराव्या दिवशी दवाखान्याचे कुलूप निघाले. तक्रार निराधार ठरल्याचा कागद आला होता. बायकांनी व्हरांडा झाडला, मुर्रा आणि फुटाणे आणले, कौशल्येने बळीरामच्या चालण्याची नक्कल केली आणि सगळ्या पोट धरून हसल्या. मथुरा खांबाला टेकून बसली होती. तिने मुर्रा हातात घेतला होता, पण खाल्ला नव्हता.

कांताबाईंची स्कूटर आली. बायकांनी त्यांना घेराव घातला. त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले. त्या सरळ खांबापाशी आल्या आणि मथुरेच्या शेजारी, झाडायच्या राहिलेल्या जागेवर बसल्या. त्यांना एवढे खाली बसलेले मथुरेने पूर्वी पाहिले नव्हते.

"प्रवीणचं मले आजच समजलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगतलं कावून नाई?"

"सांगून काय करता जी? तुम्ही काई पास देत नाई."

"नाई देत." त्यांनी चपलेचा पट्टा सरळ केला. "त्या दिवशी त्याची जखम लिहिली, तवा म्या त्याले विचारलं नव्हतं. तुमाले बी नाई. लिहिलं ते बराबरच होतं, आज बी लिहीन. पण विचाराले पाह्यजे होतं."

व्हरांड्यात बायकांचा गलका चालू होता आणि आत पहिला रोगी खोकत होता. कांताबाईंनी त्याला हाताने थांबण्याची खूण केली. रोग्याला थांबायला सांगणे त्यांच्याकडून तोपर्यंत कधी घडले नव्हते.

"दुपारी असते ना तो घरी?"

"असते. पण बोलत नाई कोणाशी. तुमाले तर वाट्टेल ते बोलन."

"बोलू द्या," कांताबाई म्हणाल्या. "मले त्याच्यापाशी घेऊन चला, मथुराबाई."